जिवंत आळी

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक फळा आहे. पूर्वी त्यावर सुविचार असायचे. राजाराम मेस्त्री सेक्रेटरी झाले तेव्हा सुविचार गेले आणि अळ्या आल्या. म्हणजे दर रविवारी राजारामभाऊ हातात बॅटरी घेऊन घरोघर फिरतात, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजमागचा ट्रे, पिंप, बादल्या तपासतात, आणि ज्याच्या घरी डासाची अळी सापडेल त्याचं नाव फळ्यावर लिहितात. फळा वर्षातून एकदाच पुसला जातो, गणपतीच्या आदल्या दिवशी. तोवर आल्यागेल्याने वाचायचं. ज्यांच्या घरी काही सापडत नाही त्यांच्या दारावर एक हिरवा गोल स्टिकर असतो, 'अळीमुक्त घर'.

माणूस वाईट नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांनाच डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स किती खाली गेल्या होत्या हे ते अजून लग्नात, बारशात, कोणाच्या दहाव्यालाही सांगतात. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला काही तरी कार्य लागतं, त्यांना अळी मिळाली.

माझा त्रास वेगळा आहे. मी भांडुपच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं आणि राजारामभाऊ 'अळी' हा शब्द 'आळी' असा लिहितात. आळी म्हणजे गल्ली. सुतारआळी, कासारआळी. 'बी विंग, कुंडीत आळी सापडली' हे वाचून माझ्या डोक्यात तिडीक जाते. कुंडीत गल्ली कशी सापडेल? मी त्यांना सांगून पाहिलं. "बाई, लोकांना समजण्याशी मतलब," ते म्हणाले. हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा ऐकलं आहे की उत्तर द्यायचीही इच्छा उरलेली नाही.

आमच्या दारावरचा स्टिकर मात्र पहिल्या दिवसापासून शाबूत होता. मी दर शनिवारी कुंड्यांच्या ताटल्या उपड्या करून घासते. लोक हसतात. हसू देत.

माझी मुलगी श्रुतिका पवईला संशोधन करते. काय करते, असं गेली सहा वर्षं कोणी विचारलं की मी 'पॉलिमर' म्हणायचे. पॉलिमर म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत. माझी मालवणची नणंद एकटीच म्हणाली, "म्हणजे बादल्या?" मी हो म्हटलं. तेवढ्यावर विषय मिटला. वय वाढत चाललेल्या मुलीचे विषय जितके लवकर मिटतील तितके बरे.

खरं सांगायचं तर ती पट्ट्या बनवते. मऊ, चहाच्या रंगाची पट्टी, बासमतीच्या शिताएवढी. पाण्यात सोडायची आणि वरून झगझगीत उजेड टाकायचा. उजेड पडला की पट्टी वाकते. वाकली की तिची सावली तिच्याच अंगावर पडते. सावलीत ती गार होते आणि सरळ होते. सरळ झाली की पुन्हा उजेड. अशी वाकत, सरळ होत ती पाण्यात पोहू लागते. ना सेल, ना तार, ना मोटर. पुढेमागे अशा पट्ट्या अंगात सोडून औषध नेमक्या जागी पोचवता येईल म्हणतात. श्रुतिका हे मला जेवताना आमटीच्या वाटीत लिंबाची साल टाकून समजावून सांगायची. मला सगळं कळलं असं नाही, पण स्वतःच्याच सावलीने हलणारी वस्तू, हे माझ्या लक्षात राहिलं.

एवढ्या वर्षांत तिने शेकडो पट्ट्या केल्या. बहुतेक उजेड पडताच एकदा गुंडाळून बसायच्या आणि मग काही केल्या उठायच्या नाहीत. माझ्या सासरी अशी माणसं आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पोहली ती एकच. ती एकच का पोहली हे श्रुतिकालाही ठाऊक नव्हतं. तिच्यासारखी दुसरी जमत नव्हती.

त्या एका पट्टीवर तिने निबंध लिहिला आणि बाहेरदेशीच्या एका मासिकाकडे पाठवला. 'उजेडात सजीवासारखी पोहणारी' असं काहीसं शीर्षक होतं. परीक्षकाचं उत्तर आलं. पट्टी पोहत नसावी, तापलेल्या पाण्याच्या प्रवाहावर नुसती वाहत असावी, असं त्याचं म्हणणं. एखाद्या त्रयस्थ माणसाला ही वस्तू क्षणभर तरी जिवंत वाटेल, असं त्याला वाटत नव्हतं. तेव्हा एक तर साध्या भांड्यात, साध्या बॅटरीच्या उजेडात केलेलं सलग चित्रीकरण पाठवा, नाही तर 'सजीवासारखी' हा शब्द काढून टाका.

तिचे सर म्हणाले, शब्द काढ आणि मोकळी हो. निबंध स्वीकारला गेल्याशिवाय पीएचडीचा प्रबंध द्यायचा नाही असा त्यांचा नियम, आणि मिळालेली मुदतवाढ शेवटची. ही गेली की सहा वर्षं गेली.

"मग काढ की," मी म्हटलं.

"शब्द काढला तर काय उरतं, आई? वाकणारं प्लास्टिक. वाकते तर दुधाची पिशवी पण." ती भाताकडे बघत बोलत होती. "त्या शब्दासाठीच तर केलं ना सगळं."

शब्दासाठी अडून बसणारी पोरगी माझ्याच पोटची आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या ताटात मी आणखी भात वाढला. दुसरं काय करणार?

पुढच्या रविवारी ती पट्टी घरी आली. माझ्या श्रीखंडाच्या काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं, पडदे ओढले, वाडगा जेवणाच्या टेबलावर ठेवला. वर स्टँडला मोबाइल अडकवला आणि श्रुतिकाने घरातली बॅटरी लावली. ती बॅटरी म्हणजे वीज गेली तर मेणबत्ती शोधण्यापुरती. पट्टीने अंग थोडंसं आखडलं आणि ती तशीच पडून राहिली.

"सेल संपलेत. खालून आणते," श्रुतिका म्हणाली. "मोबाइल चालू आहे, हात नको लावूस हं. आणि बाबांना सांग, टेबलावर पेपर नका टाकू."

ती गेली आणि बेल वाजली. आमच्या ह्यांनी दार उघडलं. जयवंत तावडे या माणसाला कोणालाच नाही म्हणता येत नाही. फोनवर कर्ज देणाऱ्यांशीसुद्धा ते बायकामुलांची चौकशी करून बोलतात.

"या या, राजारामभाऊ. चहा?"

"चहा नको. गॅलरी बघून जातो." राजारामभाऊ आत आले आणि थबकले. "काळोखात काय बसलाय, बाई? ग्रहण लागलं काय?"

"श्रुतिकाचं काम चाललंय. तुम्ही गॅलरीत जा, ताटल्या कालच घासल्यात."

पण त्यांची नजर वाडग्यावर गेली होती. साठवलेलं पाणी दिसलं की त्या माणसाचं काय होतं ते मी पाहिलं आहे. एकदा जिन्यात कुत्र्यासाठी ठेवलेला पाण्याचा डबा बघून ते चार पायऱ्या मागे आले होते.

"पाण्यात काय पडलंय?"

"काही नाही. प्रयोगाचं आहे."

"कचरा असेल तर हलणार नाही. अळी असेल तर उजेडाला घाबरून पळेल. बॅटरी खोटं बोलत नाही, बाई." असं म्हणून त्यांनी बॅटरी लावली. त्यांची बॅटरी हा सोसायटीच्या अभिमानाचा विषय आहे. नाक्यावरच्या पोलिसाकडे असते तसली, हातभर लांब, समोरच्या डोंगरावरचं झाड दाखवणारी.

उजेड पाण्यावर पडला मात्र, पट्टीचं एक टोक उचललं गेलं. अंगातून लाट गेली, मग दुसरी, मग मोजता येईनात इतक्या. आणि ती उजेडापासून सुटली ती थेट वाडग्याच्या पलीकडच्या कडेला. त्यांनी बॅटरी तिकडे नेली, ती इकडे आली. इकडे आणली, ती तिकडे. सहा वर्षांत मी तिला पोहताना कधी पाहिलंच नव्हतं. इतकी सुंदर गोष्ट माझ्या मुलीने केली आहे आणि मी लोकांना बादल्या सांगत फिरते, असं मला वाटलं.

"अळी!" राजारामभाऊ ओरडले. "जिवंत! वळवळता बघा कसा! बाई, तुमच्या घरात?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुःख होतं. जणू मी त्यांची हुशार विद्यार्थिनी होते आणि कॉपी करताना सापडले होते. त्यांनी खिशातून बाटली काढली. तिच्यात गॅरेजमधून आणलेलं काळं तेल असतं. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की अळीला श्वास घेता येत नाही आणि ती मरते. पट्टीला श्वासाची गरज नव्हती, पण त्या तेलातून ती पुन्हा कधी स्वच्छ निघाली असती असं मला वाटेना. आणि दुसरी नव्हती.

"ओतू नका!" मी ओरडले. "माझ्या पोरीचा जीव आहे त्यात!"

"तेच तर मी सांगतोय! जीव आहे त्यात! तुम्ही स्वतःच्या तोंडाने कबूल केलंत. तावडे, ऐकलंत ना?"

आमचे हे 'हो' म्हणाले. सवयीने.

"अहो, त्या अर्थाने नाही!"

"जीव म्हणजे जीव. अर्थ किती असणार त्याला?"

मराठीची शिक्षिका म्हणून मला या प्रश्नाचं पानभर उत्तर देता आलं असतं. पण बाटली कलत होती. मी दोन्ही पंजे वाडग्यावर उपडे ठेवले.

"बाई, हात काढा."

"नाही काढत. ओतायचंच असेल तर माझ्या हातांवर ओता."

राजारामभाऊ शब्दशः घेणारे. शिवाय बाटली आधीच अर्धी कलली होती. काळं तेल माझ्या बोटांवरून, बांगड्यांवरून, कोपरापर्यंत आणि तिथून टेबलावर गेलं. वाडग्यात थेंब गेला नाही. दारात श्रुतिका उभी होती, हातात सेलचं पाकीट. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने पाकीट तसंच खाली टाकलं आणि आधी माझ्या हातांखालून वाडगा ओढून घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, ही मी बनवलीय. प्लास्टिक आहे हे."

"प्लास्टिक उजेडाला पळता काय गो? माका शिकवतंस?" चिडले की राजारामभाऊ देवगडला पोचतात.

"पळतं! तेच तर... अहो, जिवंत नाहीये ती, खरंच नाहीये. नुसती वाटते."

जी गोष्ट जगाला पटावी म्हणून ती सहा वर्षं झगडली, ती एका माणसाला पटली होती, आणि आता ती हातापाया पडून खोडून काढत होती. मला हसू आलं असतं, पण हातावरून तेल गळत होतं.

शेवटी तिने चिमट्याने पट्टी अलगद उचलली आणि राजारामभाऊंच्या तळहातावर ठेवली. पाणी नाही, बॅटरी विझलेली. पट्टी कोरड्या हातावर पडून राहिली. त्यांनी करंगळीने ढोसून पाहिलं, हात हलवून पाहिला. त्यांचा चेहरा हळूहळू शांत झाला.

"मेली," ते म्हणाले. "बघ, पाण्यातून काढलीस तेव्हा मेली. प्लास्टिक काय मरतं होय?"

ती परत देऊन ते निघाले. जाताना दारावरचा स्टिकर नखाने खरवडू लागले, पण तो पक्का चिकटलेला. अर्धाच निघाला. दारावर 'अळी' एवढंच राहिलं. तेवढं मात्र छापील असल्याने शुद्ध होतं.

मी हात धुऊन खाली गेले तर फळ्यावर ताजा खडू होता. 'तावडे, तिसरा मजला. वाडग्यात जिवंत आळी सापडली. मारली.' दुसऱ्या मजल्यावरची शर्मिष्ठा भाजीची पिशवी घेऊन वाचत उभी होती. "बाई, तुमच्याकडे पण?" ती म्हणाली. त्या 'पण'मध्ये तिची वर्षभराची बोचणी निघाली, कारण गेल्या वर्षी तिचं नाव होतं. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. ताटल्या घासणारे माझे सगळे शनिवार त्या एका ओळीत गेले होते.

वर आले तर श्रुतिका मोबाइलकडे बघत होती. मोबाइल सगळा वेळ चालूच राहिला होता. साधं भांडं, साध्या माणसाच्या हातातली बॅटरी, कुठे कट नाही, आणि वस्तू काय आहे ते अजिबात माहीत नसलेला त्रयस्थ माणूस ओरडतोय, जिवंत आहे म्हणून. परीक्षकाने मागितलेलं सगळं त्यात होतं. प्रवाहावर वाहणारी वस्तू उजेड फिरवला की अशी दिशा बदलत नाही, हेही त्यात दिसत होतं. बॅटरी त्यांनी इतक्या रागाने फिरवली होती की श्रुतिकालासुद्धा तसं सुचलं नसतं.

फक्त बोलण्याचं इंग्रजी करून खाली अक्षरं टाकायची होती. ती त्याच संध्याकाळी बसली. 'वळवळता बघा' सोपं गेलं. 'मेली' त्याहून सोपं. मी शेजारी शेंगा सोलत होते. मग तिची बोटं थांबली.

"आई, हे तुझं कसं करू?"

"कुठलं?"

"माझ्या पोरीचा जीव आहे त्यात."

तिने काही तरी लिहिलं, वाचलं, पुसलं. पहिल्या वाक्याचा अर्थ होत होता की गोष्टीतल्या राक्षसाचे प्राण पोपटात असतात तसे माझ्या मुलीचे प्राण या वाडग्यात अडकले आहेत. ते वाचून परीक्षकाने पोलीस बोलावले असते. दुसऱ्याचा अर्थ होत होता की माझ्या मुलीला हे फार आवडतं. "आवडायला काय ते आइस्क्रीम आहे?" मी म्हटलं. तिसरं तिने मला सांगितलंच नाही, स्वतःच पुसून टाकलं.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"म्हणजे, मला वाटायचं तू कंटाळलीस. सगळ्यांना बादल्या सांगतेस."

"बादल्या नणंदेला सांगितल्या," मी म्हटलं. "माझ्या घरात सहा वर्षं एक मुलगी आमटीच्या वाटीत लिंबाची साल हलवत बसते. तिचा जीव कशात आहे हे मला कळणार नाही? मला पट्टी कळत नाही गं. तू कळतेस."

शेंगांच्या ताटात तिने हात घातला आणि माझ्याबरोबर सोलू लागली. माझ्या नखांत अजून काळं तेल होतं, तिने माझं बोट धरून ते बघितलं आणि सोडून दिलं. मला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून मी एक किडकी शेंग शोधून तिच्यावर राग काढला.

रात्री जेवायच्या आधी तिने ते वाक्य करून टाकलं. मी विचारलं काय लिहिलंस. म्हणाली, कंसात लिहिलंय, 'आई ओरडते'.

उत्तर यायला वेळ लागला. हालचालीबद्दल आता शंका उरली नाही, परीक्षकाने लिहिलं होतं. 'सजीवासारखी' हा शब्द ठेवायला हरकत नव्हती. मात्र चित्रीकरणातील गृहस्थ वारंवार जिवंत अळीचा उल्लेख करून शेवटी ती मेल्याचं सांगतात, तेव्हा प्रयोगात कोणत्याही सजीवाचा वापर अथवा हत्या झालेली नाही, असं लेखी कळवावं. श्रुतिका हसत हसत जमिनीवर बसली. सरांनी सहीशिक्क्यानिशी कळवलं की पट्टी जिवंत नाही, नव्हती, आणि होण्याची शक्यताही नाही. निबंध स्वीकारला गेला, प्रबंध मुदतीच्या आत गेला, आणि मी नणंदेला स्वतः फोन करून सांगितलं, बादल्या नव्हेत म्हणून. "मगे काय?" ती म्हणाली. मी सांगू लागले आणि तिच्या कुकरची शिट्टी झाली.

बातमी सोसायटीत पोचली तशी राजारामभाऊ वर आले. हातात नवा स्टिकर होता. चपला बाहेर काढून, आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, पोरगी डॉक्टर होतेय. डॉक्टरच्या घरचं नाव फळ्यावर बरं दिसत नाही. गणपतीपर्यंत कशाला थांबायचं? मी आत्ताच पुसून टाकतो."

"ते प्लास्टिक होतं, पटलं का तुम्हाला?"

त्यांनी जरा विचार केला. खोटं बोलणारा माणूस नाही तो. "प्लास्टिक असेलही," ते म्हणाले. "पण बाई, मी डोळ्यांनी बघितली. जिवंत होती."

"मग पुसू नका," मी म्हटलं.

ते समजले नाहीत. स्टिकर माझ्या हातात ठेवून वरच्या मजल्यावर बॅटरी मारायला गेले. मी तशीच खाली उतरले. लिफ्टशेजारी कोणी नव्हतं. आमची ओळ इतक्या आठवड्यांत थोडी पुसट झाली होती, पण वाचता येत होती. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि 'आळी'चा काना पुसला. मग पुढचं 'मारली' पुसलं. 'जिवंत' त्यांनी बरोबर लिहिलं होतं. ते तसंच ठेवलं.